चिलीचा ‘मेर्लो’ आणि चुकलेली तोडणी : लाल-पांढऱ्या वाणांची पार्श्वभूमी

चिलीतल्या वाइन-द्राक्षांची आजची यादी वाचायला सोपी आहे. लालमध्ये काबर्ने सोव्हिन्यॉन इतर सगळ्यांच्या कितीतरी पुढे, त्यामागे मेर्लो, कार्मेनेर, पाईस आणि सिरा. पांढऱ्यांत सोव्हिन्यॉन ब्लाँ आणि शार्दने. अडचण जुन्या याद्यांशी ताळा घालताना येते. १९९४ पूर्वीच्या नोंदींत कार्मेनेर हे नावच सापडत नाही. मेर्लो आणि सोव्हिन्यॉन या दोन रकान्यांत त्या काळी प्रत्येकी दोन-दोन वाण एकत्र मोजले गेले. त्यामुळे ‘मेर्लो घटला, कार्मेनेर वाढला’ असे निष्कर्ष काढणाऱ्याने आधी हे पाहावे की वेली बदलल्या की फक्त पाट्या.

आरंभीचा काळ थोडक्यात. सोळाव्या शतकाच्या मध्यावर स्पॅनिश वसाहतकारांबरोबर पाईस हा लाल वाण आला आणि तीनशे वर्षे त्याचेच राज्य होते. हाच वाण कॅलिफोर्नियात मिशन आणि अर्जेंटिनात क्रिओया चिका म्हणून ओळखला जातो. डीएनए तपासणीत तो स्पेनचा लिस्तान प्रिएतो निघाला. पुढे १८५०च्या दशकात जमीन आणि खाणी यांतून पैसा केलेल्या सांतियागोच्या घराण्यांनी फ्रान्समधल्या बोर्दोहून काड्या मागवल्या. फ्रान्समध्ये वेलीची मुळे खाणारा फिलॉक्सेरा पसरला तो १८६०च्या दशकात, म्हणजे चिलीत पोहोचलेल्या काड्या त्या किडीच्या आधीच्या. चिलीत फिलॉक्सेरा पोहोचलाच नाही. अँडीज, अटाकामाचे वाळवंट आणि प्रशांत महासागर यांनी वाट अडवली असे सांगतात, तर काही जण वाळूमिश्रित जमिनी आणि पाटपाण्याने शेत बुडवण्याची पद्धत यांनाही श्रेय देतात. परिणाम महत्त्वाचा : वेली किडीला दाद न देणाऱ्या खुंटावर (दुसऱ्या वेलीच्या मुळाकडच्या भागावर) कलम न करता स्वतःच्याच मुळांवर वाढल्या.

पुढचा सगळा गोंधळ या सोयीतून झाला. स्वमुळाची बाग वाढवायला रोपवाटिका लागत नाही. हिवाळी छाटणीत निघालेल्या काड्यांच्या जुड्या बांधायच्या, ओल्या वाळूत ठेवायच्या आणि वसंतात लावायच्या. एखादी वेल मेली तर शेजारच्या वेलीची लांब काडी जमिनीत दाबून तिचा शेंडा रिकाम्या जागी वर काढायचा. पण छाटणीच्या वेळी वेलीवर पान नसते, फूल नसते, घड नसतो. नुसत्या काडीवरून मेर्लो कुठला आणि कार्मेनेर कुठला हे मुरलेल्या माणसालाही छातीठोक सांगता येत नाही. बोर्दोच्या बागा त्या काळी मिश्र असत, त्यामुळे काड्याही मिश्रच आल्या, आणि प्रत्येक पिढीने तेच मिश्रण पुढे लावले. दरम्यान बोर्दोत फिलॉक्सेरानंतर अमेरिकी खुंटांवर पुनर्लागवड झाली तेव्हा कार्मेनेर जवळजवळ वगळला गेला. एक तर तो उशिरा पिकतो, आणि फुलोऱ्यात गारठा किंवा पाऊस लागला की मणी धरत नाहीत, गळून जातात. खुंटाने वेलीला जोम दिला की ही गळ आणखी वाढते. मूळ गावी वाण विसरला गेला आणि चिलीत तो दुसऱ्याच्या नावाने नांदत राहिला.

विसाव्या शतकाची पहिली सात दशके वाणांच्या दृष्टीने फारशी हालचाल नसलेली. १९३८च्या मद्यविषयक कायद्याने नव्या लागवडीवर जखडबंदी आणली, ती १९७४मध्ये उठली. मग लागवड बेसुमार वाढली, भाव कोसळले आणि ऐंशीच्या दशकात हजारो हेक्टर बागा उपटल्या गेल्या. पांढऱ्यांत तोवर सेमियाँचा बोलबाला होता. तो या उलथापालथीत मागे पडला आणि अजून सावरलेला नाही. १९७९मध्ये कुरिको खोऱ्यात स्पेनहून आलेल्या एका वाइन घराण्याने स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि तापमान-नियंत्रण आणले. तोपर्यंत रस आंबायचा तो राउली या स्थानिक लाकडाच्या जुन्या पिंपांत. पांढरा रस थंड ठेवून आंबवता येऊ लागल्यावर फळाचा गंध टिकू लागला. १९८२च्या सुमारास कासाब्लांका खोऱ्यात, हम्बोल्ट या थंड सागरी प्रवाहाच्या गार धुक्यात, पांढऱ्या वाणांची लागवड सुरू झाली. तिथली डोकेदुखी उशिरा पडणाऱ्या हिमाची : कोंब फुटल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या (दक्षिण गोलार्धात तेव्हा वसंत असतो) एका रात्रीत तापमान शून्याखाली गेले की त्या वर्षीचे पीक हातचे जाते. म्हणून तिथे हवा ढवळणारे पंखे आणि तुषार सिंचन बसवावे लागले.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी निर्यातीने जोर धरला तेव्हा परदेशी ग्राहक बाटलीवर वाणाचे नाव शोधत होता. तोपर्यंत शेतातले नाव शेतातच राहायचे. आता त्याला दर आला. त्यातही अमेरिकेत मेर्लोची लाट आलेली. चिलीतला मेर्लो स्वस्त होता आणि चवीला वेगळा : जास्त गडद, थोडा मसालेदार, मागे हिरव्या ढोबळी मिरचीची छटा. हा चिलीच्या मातीचा गुण असे सांगितले जाई. बागायतदार मात्र आपसांत ‘मेर्लो चिलेनो’ म्हणत, पेउमो भागात ‘मेर्लो पेउमाल’ म्हणत. हा मेर्लो ‘खऱ्या’ मेर्लोपेक्षा तीन-चार आठवडे मागे राहतो, हे कामगारांना पाठ होते. उशिरा पिकणारा उपप्रकार, एवढ्यावर विषय संपायचा.

नोव्हेंबर १९९४मध्ये माइपो खोऱ्यातल्या एका बागेत, द्राक्षशास्त्रावरील परिषदेसाठी आलेल्या एका फ्रेंच वाणतज्ज्ञाने फुलोऱ्यातले पुंकेसर पिळवटलेले पाहिले आणि हा मेर्लो नसून कार्मेनेर आहे असे सांगितले. त्याच्याआधी काही वर्षे दुसऱ्या एका फ्रेंच तज्ज्ञाने ‘हा मेर्लो नव्हे’ इतपत शंका घेतलीच होती. पुढे डीएनए तपासणीने निदान पक्के केले. दोन्ही वाणांचे एक पालक काबर्ने फ्रँ आहे, म्हणून चेहरेपट्टी इतकी जुळते.

ओळख पटवायची तर वर्षात तीन वेळा संधी मिळते. वसंतात कोवळ्या शेंड्याची आणि पानाची खालची लव पाहावी : मेर्लोची पांढरट, कार्मेनेरची तांबूस-नारिंगी. फुलोऱ्यात पुंकेसर पाहावेत. आणि शरदात लांबूनही चालते, कारण कार्मेनेरची पाने किरमिजी होतात. त्याचे नावच त्या रंगावरून पडले असे मानतात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक बागांत याच काळात वेलीगणिक खोडावर रंगाचा पट्टा मारण्याचे काम झाले. मग तोडणीला टोळी दोनदा फिरवायची : आधी बिनपट्ट्याचे घड, महिनाभराने पट्ट्याचे. यंत्राने तोडणी करणाऱ्यांना हे शक्य नव्हते. त्यांनी तुकडे उपटले, किंवा जुन्या खोडावर एकाच वाणाचे कलम बांधले.

माझ्या मते या प्रकरणात लेबलावरचा वाद उगाच मोठा झाला आणि तोडणीचा मुद्दा झाकला गेला. मिश्र तुकडा मेर्लोच्या वेळी, म्हणजे मार्चमध्ये, तोडला की कार्मेनेर कच्चा. एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात तोडला की मेर्लो सुरकुतलेला, आम्ल गेलेला. दोन्ही टोके एका टाकीत येत. ढोबळी मिरचीचा वास देणारे पायराझीन हे संयुग द्राक्षातच असते. मणी रंग घेण्याच्या सुमारास ते सर्वाधिक असते आणि पिकत जाताना घटते. लाल वाइनमध्ये लिटरला दहा-पंधरा नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते. साल आणि देठातून ते आंबवणीच्या पहिल्या दिवसांतच रसात उतरते, आणि नंतर उडून जात नाही. ओकच्या पिंपाने ते झाकता येते, काढता येत नाही. चिलीच्या मातीचा गुण म्हणून जे विकले गेले, त्यातला मोठा भाग चुकीच्या तारखेचा होता.

लेबलाचे प्रकरण असे. वाण आणि प्रदेश यांची नियमावली १९९४च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे निदानानंतर महिन्याभरातच, निघाली. तिच्यातल्या मान्य वाणांत कार्मेनेर नव्हता. ज्यांना खरे नाव लावायचे होते त्यांनी ‘ग्राँद व्हिद्यूर’ हे बोर्दोतले विस्मृतीत गेलेले पर्यायी नाव वापरले. ते वाचून ग्राहकाला काहीच बोध होईना. अधिकृत मान्यता दशकाच्या उत्तरार्धात आली. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही निराधार नव्हते : मेर्लो नावावर करार झालेले, ग्राहकाला हीच चव आवडलेली, आणि कार्मेनेर हे नाव फ्रान्समध्येही कोणाला ठाऊक नाही. शिवाय देशांतर्गत नियम असा की बाटलीत ७५ टक्के एक वाण असला की त्याचे नाव चालते. युरोपसाठी ८५ टक्के. म्हणजे चौथा हिस्सा कार्मेनेर असलेली बाटली कायद्याने मेर्लोच. अडचण अशी की काही तुकड्यांत कार्मेनेर निम्म्याहून जास्त होता, आणि किती हे पट्टे मारल्याशिवाय कळत नव्हते. म्हणून पहिल्या सरकारी नोंदीत कार्मेनेर जेमतेम काहीशे हेक्टर दिसतो आणि पुढच्या दशकात हजारोंवर जातो. आज तो दहा हजार हेक्टरच्या आसपास आहे. त्यातला बराचसा भाग नवी लागवड नाही, नुसता रकाना बदललेला आहे. मेर्लो म्हणून नव्याने लावलेल्या वेली मात्र बहुधा रोपवाटिकेतल्या प्रमाणित निवडी आहेत, त्यामुळे अलीकडचा चिलीयन मेर्लो नाकाला जास्त सौम्य लागतो.

नाव कळल्यावर मशागत बदलली. मेर्लो समजून दिलेले पाणी कार्मेनेरला जास्त होत होते. फुटवे चालूच राहत, घडावर सावली पडे, आणि सावलीत पायराझीन जास्त साचते. ठिबक आल्यावर रंग चढण्यापूर्वी पाणी तोडून वाढ थांबवता येऊ लागली. घडाभोवतीची पाने काढायची ती मणी धरल्यानंतर लगेच, आणि फक्त सकाळचे ऊन येणाऱ्या बाजूने. दुपारच्या बाजूची पाने काढली, किंवा रंग चढताना एकदम सगळे मोकळे केले, तर मणी भाजतात. हलक्या वाळूच्या जमिनीपेक्षा खोल, ओल धरणारी चिकणमाती याला मानवते, कारण हंगाम मे महिन्यापर्यंत ताणायचा असतो. पेउमो आणि अपाल्ता पुढे आले ते यामुळेच. उशीर केल्याची किंमतही असते : साखर चढून मद्यांश साडेचौदा टक्क्यांपुढे जातो, आम्ल उतरते, आणि रसात टार्टरिक आम्ल घालावे लागते किंवा आम्लाचा दुसरा वाण मिसळावा लागतो.

पांढऱ्यांतली चूक तुलनेने गुपचूप निस्तरली गेली. चिलीतला ‘सोव्हिन्यॉन’ बऱ्याच अंशी सोव्हिन्योनास निघाला, म्हणजे इटलीत फ्रिउलानो म्हणतात तो. नाते फक्त नावाचे. त्याची वाइन तोडणीनंतरच्या महिन्यांत हिरव्या सफरचंदासारखी ताजी असते आणि वर्षभरात विझते. सोव्हिन्यॉन ब्लाँचा तीव्र गंध तिच्यात नसतोच. इथे वाचवण्यासारखी प्रतिष्ठा नव्हती, म्हणून या वेली उपटायला किंवा कलमाने बदलायला कोणी फार हरकत घेतली नाही. कासाब्लांका आणि नंतर सान आंतोनिओ-लेइदा इथे सुरुवातीपासून खरा सोव्हिन्यॉन ब्लाँ लागला, आणि आजची ख्याती तिथली आहे.

दक्षिणेत माउले, इताता, बिओबिओ इथे या वादाचे पडसाद उमटलेच नाहीत. तिथे पावसावरच्या, तारेशिवाय झुडपासारख्या वाढवलेल्या पाईसच्या वेली, इतातात मस्कत आणि सँसो. १९३९च्या चियानच्या भूकंपानंतर पाईसला रंग आणि आम्ल देण्यासाठी कारिन्यान हा लाल वाण लावायला प्रोत्साहन दिले गेले. त्या वेली पुढे दुर्लक्षित राहिल्या, आणि २००९च्या आगेमागे काही उत्पादकांनी एकत्र येऊन किमान तीस वर्षांच्या, कोरडवाहू कारिन्यानसाठी सामायिक नाव घेतले. पाईसलाही गेल्या दीड दशकात भाव आला आहे, तरी द्राक्ष पिकवणाऱ्याच्या हाती पडणारा दर आणि बाटलीवरची स्तुती यांत मोठी तफावत आहे. निर्यातीच्या गौरवगाथांत ती क्वचितच येते.

स्वमुळाच्या वेलींचा अभिमानही आता अटींसह सांगावा लागतो. फिलॉक्सेरा नसला तरी सूत्रकृमी आणि मुळांवर बसणारी मार्गारोडेस ही कीड आहे. ती लागलेल्या जमिनीत वेल हळूहळू खंगते आणि पुन्हा त्याच जागी स्वमुळाची लावली तर तीही जाते, म्हणून नव्या बागा खुंटावर बांधल्या जातात. कार्मेनेरला जोमदार खुंट दिला की बोर्दोतली जुनी तक्रार परत येते : फुलोरा भरपूर, घड विरळ.

तारखेचा वादही परत आला आहे. २०१०नंतर बऱ्याच उत्पादकांनी कार्मेनेर पुन्हा लवकर, मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, तोडायला सुरुवात केली. आम्ल टिकावे, मद्यांश तेरा टक्क्यांवर राहावा, आणि थोडी मिरची लागली तर लागू दे, असे त्यांचे म्हणणे. उशिरा तोडणाऱ्यांना हा आळस वाटतो. फरक इतकाच की आता तो तुकडा निव्वळ कार्मेनेरचा असतो, आणि तोडणारा जाणूनबुजून तोडतो.