सहायक दिवे, वाहनांचे : वायरिंगमधील दोष व दोषशोध

वाहनाच्या मूळ हेडलाइटला जोड म्हणून पुढे बसवलेले लांब पल्ल्याचे किंवा धुक्यासाठीचे दिवे. गॅरेजच्या बोलीत त्यांना सरसकट ‘फोकस’ किंवा ‘फॉग’ म्हणतात, मग झोत कसाही असो. येथे विचार केला आहे तो बॅटरीपासून दिव्यापर्यंत आणि दिव्यापासून परत बॅटरीपर्यंत जाणाऱ्या वायरींचा. दिवा लागत नाही म्हणून बल्ब बदलला जातो. दोष मात्र बहुधा याच वाटेत कुठेतरी असतो.

नेहमीची जोडणी अशी : बॅटरीच्या धन टोकावरून फ्यूज, फ्यूजवरून रिले (लहान प्रवाहाने मोठ्या प्रवाहाची उघडझाप करणारा स्विच), रिलेवरून दिवे, दिव्यांवरून अर्थ (बॉडीतून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतण्याची वाट). रिलेला चालना हेडलाइटच्या अप्पर बीमच्या वायरवरून, मध्ये डॅशबोर्डवरचा स्विच घालून मिळते. रिलेच्या पायांवरचे आकडे डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातले आहेत : ३० म्हणजे बॅटरीचा थेट पुरवठा, ८५ व ८६ ही रिलेतील विद्युतचुंबकाच्या वेटोळ्याची टोके, ८७ म्हणजे दिव्यांकडे जाणारा पाय. याच मानकात ३१ म्हणजे अर्थ, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर मिळणारा पुरवठा आणि ५६ए म्हणजे अप्पर बीम.

रिलेच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास, दूरवरून आलेल्या क्षीण प्रवाहाने एक लहान विद्युतचुंबक हलवून त्याच्याकरवी दुसऱ्या, जोरदार मंडलाची (सर्किटची) उघडझाप करून दाखवली, असे सामान्यतः मानले जाते. हेन्री यांनी या योजनेचे एकस्व (पेटंट) घेतले नाही. इंग्लंडमध्ये कुक व व्हीटस्टन यांच्या १८३७ च्या तारायंत्राच्या एकस्वात घंटेसाठी अशीच योजना आढळते. एडवर्ड डेव्ही यांचे एकस्व १८३८ चे, तर मॉर्स यांचे अमेरिकी एकस्व १८४० चे आहे. तत्त्वाचा मान हेन्रींना व तारायंत्रातील वापराचा मान डेव्हींना देणारे मत अधिक सयुक्तिक वाटते. मॉर्स यांचे नाव पुढे आले ते त्यांच्या यंत्राच्या प्रसारामुळे. ‘रिले’ हा शब्द तारायंत्रापूर्वी टप्प्याटप्प्यावर जोडल्या जाणाऱ्या ताज्या घोड्यांसाठी वापरात होता. थकलेला प्रवाह उतरवून ताजा जोडायचा, एवढीच कल्पना त्यातून तारायंत्रात आणि तिथून मोटारीत आली. फोकसच्या मंडलात थकलेल्या प्रवाहाची जागा हेडलाइटच्या बारीक वायरने घेतली आहे. वेटोळ्याला साधारण ०.१५ अँपिअर पुरतात, दिव्यांना ९ लागतात.

आकडे सारखे असले तरी पायांची जागा सारखी असेलच असे नाही. चौकोनी छोट्या रिलेचे ‘ए’ व ‘बी’ असे दोन प्रकार आहेत आणि त्यांत ३० व ८६ यांच्या जागांची अदलाबदल झालेली असते. दोन्ही रिले एकाच सॉकेटमध्ये घट्ट बसतात. चुकीचा बसला की बॅटरीचा पुरवठा थेट वेटोळ्यात जातो, रिले गाडी बंद असतानाही ओढलेला, म्हणजे चालू, राहतो आणि दिव्यांचा सगळा भार हेडलाइटच्या बारीक वायरवर येतो. सकाळी बॅटरी उतरलेली, हेडलाइटचा फ्यूज उडालेला, आणि जोडणी तर कालच्यासारखीच दिसते. रिलेच्या अंगावर छापलेली आकृती पाहणे हाच यावरचा उपाय. दुसरी गल्लत व्होल्टची : ट्रक बहुधा २४ व्होल्टचे, कार व जीप १२ व्होल्टच्या. २४ व्होल्टचा रिले कारमध्ये खात्रीने ओढत नाही. १२ व्होल्टचा ट्रकमध्ये थोडा वेळ चालतो आणि मग जळतो. वेटोळ्याला समांतर डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले असेल, तर ८६ ला धन व ८५ ला ऋण हा क्रम पाळावा लागतो. तो उलटला की डायोडमधून थेट शॉर्ट होते.

सर्वांत चकवणारा दोष चालनेच्या बाजूचा आहे. काही गाड्यांत, विशेषतः जपानी घडणीच्या काही वाहनांत, हेडलाइटची उघडझाप ऋण बाजूने होते : एच४ या दोन फिलामेंटच्या बल्बच्या सामाईक पायाला धन पुरवठा, आणि अप्पर-डिपरचा स्विच ज्या फिलामेंटला अर्थ देईल ते पेटते. अशा गाडीत ८६ अप्परच्या वायरला व ८५ बॉडीला जोडला, तर फोकस डिपरवर लागतात आणि अप्पर मारताच विझतात. कारण सोपे आहे. डिपरवर असताना अप्परच्या वायरवर फिलामेंटमधून आलेले जवळजवळ पूर्ण १२ व्होल्ट असतात. अप्पर केला की ती वायर अर्थ होते. गिऱ्हाईक ‘उलटे चालतात’ म्हणून तक्रार करते आणि स्विच बदलला जातो. खरा इलाज वेटोळ्याचे एक टोक सामाईक धन वायरला व दुसरे अप्परच्या वायरला जोडणे हा. जोडणीपूर्वी अप्पर व डिपर दोन्ही स्थितींत त्या वायरवर मीटर धरला, तर हा घोळ मुळात होत नाही.

दिवे लागतात पण मंद, ही तक्रार व्होल्टेजच्या घटीची. ५५ वॅटचे दोन हॅलोजन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतात. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ३५ मिलिओम. चार मीटर वायरमध्ये जवळपास सव्वा व्होल्ट तिथेच खर्च होतो. हॅलोजनचा उजेड दाबाच्या (व्होल्टेजच्या) साधारण ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो, म्हणून १० टक्के दाब घटला की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी पडतो. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर हीच घट पाव व्होल्टवर येते. वायर घेताना टोक कापून पाहावे : वरून तांबूस व छेदात पांढरट दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर आहे, आणि वरची सगळी आकडेमोड तिला लागू नाही.

मोजणी दिवे चालू ठेवूनच करावी लागते. डिजिटल मीटरचा रोध साधारण १० मेगओम असल्याने, वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी तो १२.६ व्होल्ट दाखवतो. ‘करंट तर येतोय’ हा निष्कर्ष इथेच फसतो. म्हणून नागपुरात वाडीकडच्या ट्रकवाल्यांचा जुना वायरमन अजूनही टेस्ट लॅम्पवर विसंबतो : इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन हात वायर, एका टोकाला क्लिप, दुसऱ्याला सुई. धागाभर, गंजलेला जोड पावणेदोन अँपिअर पेलू शकत नाही. बल्ब लाल होऊन राहतो, आणि दोष तिथल्या तिथे कळतो. मीटर घ्यायचाच तर दिवे पेटवून एक टोक बॅटरीच्या धनावर व दुसरे दिव्याच्या धन पायावर ठेवावे. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. मग ऋण बाजू : बॅटरीचे ऋण ते दिव्याची काळी वायर. इथे ०.२ व्होल्टच्या वर गेले की अर्थ खराब.

अर्थ हा शब्द इथे ‘आर्थिंग’ असा ऐकू येतो, आणि दोषांचा मोठा वाटा याच खात्यात जमा होतो. दिवे पुढच्या गार्डवर (बंपरपुढच्या धातूच्या चौकटीवर) बसवले व अर्थ ब्रॅकेटच्याच बोल्टला दिला, तर पावडर कोटिंगमुळे तो कधी धरतो, कधी सोडतो. अर्थ पूर्ण तुटला तर प्रवाह दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो : फोकस मिणमिणतात आणि सोबत पार्किंगचा दिवा विनाकारण पेटतो. असे दोन दिवे एकमेकांशी ‘बोलू’ लागले की आधी सामाईक अर्थ तपासावा. थिंबलखालचा (वायरच्या टोकावरच्या धातूच्या टोपणाखालचा) रंग चकचकीत पत्र्यापर्यंत खरवडून बोल्ट आवळणे, किंवा सरळ बॅटरीच्या ऋणापर्यंत वायर नेणे, दोन्ही चालते, दुसरे बरे. गार्डचा प्रश्न कायद्याचाही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा आधार घेऊन केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१७ च्या अखेरीस अशा गार्डविरुद्ध कारवाईच्या सूचना राज्यांना दिल्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ अन्वये नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय पुढे स्पॉट लाइट लावता येत नाही. पेंचमधून जाणाऱ्या जबलपूर रस्त्यावर किंवा उमरेडकडे रात्री जाताना हा नियम फारसा दिसत नाही.

फ्यूज कसा उडतो यावरूनही दोष ओळखता येतो. दिवे लावताच उडाला तर शॉर्ट. दहा-पंधरा मिनिटांनी उडाला तर भार जास्त किंवा वायर कुठेतरी घासते आहे. उडाला नाही पण त्याचे प्लास्टिक वितळले तर होल्डरची पकड सैल. दोन ५५ वॅटसाठी निळा, म्हणजे १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो वारंवार उडतो म्हणून हिरवा ३० चा घालणे म्हणजे वायरलाच फ्यूज करणे होय. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. त्याच्या आधीची वायर कशानेही सुरक्षित नसते.

नागपूरच्या हवेचा परिणाम थोडक्यात असा : मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. साध्या काळ्या टेपचा गोंद पाघळतो, टेप सुटते आणि पिळून केलेला जोड उघडा पडतो. पावसाळ्यात त्याच जोडात पाणी शिरते. तांबे हिरवे-काळे पडते व ही काजळी वायरच्या आवरणाखाली आत सरकत जाते, म्हणून वायर चमकदार तांबे दिसेपर्यंत मागे कापावी लागते. उभ्या गाडीत उंदीर शिरतात ते वेगळेच. उपाय म्हणजे दाबून बसवलेले थिंबल, त्यावर उष्णतेने आकसणारी स्लीव आणि नळीतून नेलेली वायर.

एलईडी दिव्यांत चित्र बदलते. त्यांचा भार कमी, पण धन-ऋण उलटले तर ते लागत नाहीत. आतले ड्रायव्हर मंडल दाब घटल्यावर प्रवाह वाढवून उजेड कायम ठेवते, त्यामुळे वायरचा दोष मंदपणातून कळत नाही. दिवा एकदम बंद पडतो किंवा लुकलुकतो. दिवे लावताच एफएमवर खरखर आली तर ती बहुधा याच ड्रायव्हरची. नव्या गाड्यांत हेडलाइट संगणकीय नियंत्रकाच्या ताब्यात असतात आणि काहींत अप्परचा पुरवठा तुकड्यातुकड्यांनी येतो. त्यावर जोडलेला रिले टकटकतो, किंवा डॅशबोर्डवर बल्ब-दोषाचा इशारा येतो. अशा गाडीत चालना स्वतंत्र स्विचवरून घेतात. २१ वॅटचा टेस्ट लॅम्पही तिथे बाजूला ठेवावा, आणि पिवळ्या आवरणातील वायरींना, म्हणजे एअरबॅगच्या, सुई लावू नये.