लिनक्स कर्नलमध्ये पॅच द्यायचाय? कागदपत्र एकच लागतं

कर्नल म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि पॅच म्हणजे त्याच्या कोडमध्ये सुचवलेला बदल. तो द्यायला पदवी, अनुभवाचा दाखला, कंपनीचं पत्र, फी यातलं काहीच लागत नाही. लागते ती एक ओळ. पॅचच्या वर्णनाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’, पुढे आपलं नाव आणि ईमेल पत्ता. हे आपल्याकडच्या स्वयंघोषणापत्रासारखंच: कोड माझा आहे, किंवा तो फाइलवर दिलेल्या ओपन सोर्स परवान्याखाली द्यायचा हक्क मला आहे. २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला, आमचा कोड लिनक्समध्ये घातलात म्हणून. त्या पार्श्वभूमीवर २००४ मध्ये ही अट आली. निनावी पॅच चालत नाही. नोकरी करत असाल, तर सही करण्याआधी नोकरीचा करार वाचा. तुम्ही लिहिलेल्या कोडवर हक्क कंपनीचा असू शकतो.

अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा? थेट लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सना तर मुळीच पाठवू नका. कर्नलच्या कोडसोबत ‘गेट-मेंटेनर’ नावाची स्क्रिप्ट येते. तिला पॅच दिला की कोडच्या त्या भागाचे मेंटेनर, म्हणजे तो भाग सांभाळणारे, कोण, ते ती सांगते. दुसरी स्क्रिप्ट ‘चेकपॅच’, ती पॅचची मांडणी तपासते. टॅबऐवजी स्पेस दिसल्या तरी ती कुरकुरते, पण तिचं ऐकाच.

पॅच जातो साध्या मजकुराच्या ईमेलने, अटॅचमेंट न करता. माझा पहिला पॅच मी नेहमीच्या मेलमध्ये कॉपी-पेस्ट केला. मेल प्रोग्रॅमने टॅबच्या स्पेस केल्या, लांब ओळी तोडल्या, आणि पॅच अप्लायच होईना. तेव्हापासून ‘गिट सेंड-ईमेल’ (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रोग्रॅमची आज्ञा), दुसरं काही नाही. विषयाच्या ओळीत आधी त्या भागाचं नाव, मग काम आज्ञार्थी: ‘फिक्स मेमरी लीक’, ‘फिक्स्ड’ नव्हे. वर्णनात काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा. नवखे इथेच घाई करतात, आणि बरेचसे प्रश्न त्यावरूनच येतात.

उत्तराला दोन-तीन आठवडे लागू शकतात. निदान एक आठवडा तरी आठवण करू नका. सुधारणा सुचवल्या तर नवा पॅच ‘व्ही२’ म्हणून पाठवायचा आणि आधीच्यापेक्षा काय वेगळं, ते तीन आडव्या रेघांखाली लिहायचं. तो मजकूर गिटच्या इतिहासात जात नाही.

पॅच मंजूर झाला तरी लगेच आत जातोच असं नाही. कर्नलची नवी आवृत्ती साधारण ९-१० आठवड्यांनी येते आणि नवं काम घ्यायची खिडकी त्यातले पहिले दोनच आठवडे उघडी असते. नंतर फक्त दुरुस्त्या. पॅच आत गेल्यावर गिटच्या नोंदीत तुमच्या सहीखाली मेंटेनरची सही दिसते.