अनवाणी पाय आणि हुकलेला वर्ल्ड कप

मुंबईत कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर सामना सुरू असो वा नसो, दोन जुने शौकीन भेटले की एक गोष्ट निघतेच: "1950 चा वर्ल्ड कप आपण खेळलो नाही, कारण फिफाने बूट सक्तीचे केले." मीही ती वर्षानुवर्षं सांगत होतो, अगदी वडापाव खाता खाता.

ती खरी नाही. आपले बरेच खेळाडू पायाला पट्ट्या बांधून खेळत, हे बरोबर. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तसंच खेळून आपण फ्रान्सकडून फक्त 2-1 ने हरलो. तेही दोन पेनल्टी वाया घालवून! त्यातली एक शैलेन मन्नांची. पण वर्ल्ड कपसाठी ब्राझीलला न जाण्याची भारतीय फुटबॉल महासंघाने तेव्हा दिलेली कारणं वेगळी होती: संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ. ब्राझीलचे आयोजक तर प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायला तयार होते. खरं म्हणजे, वर्ल्ड कपपेक्षा ऑलिंपिक मोठं, अशी तेव्हाची समजूत होती. बूट सक्तीचे झाले ते नंतर. 1952 ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने 10-1 असा धुव्वा उडवला, तेव्हा.

मन्नांनीही पुढे बुटांची गोष्ट खोडून काढली. 1951 च्या एशियाड सुवर्णाचे ते कर्णधार. कोलकात्याच्या मोहन बागान क्लबकडून 19 वर्षं खेळले, पण घर चाललं भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या नोकरीवर. 2012 मध्ये ते गेले. कट्ट्यावर बूट मात्र अजून फिरतायत.