बॉम्बे रक्तगट (अप्रभावी आनुवंशिकता)

माणसातील एक अतिदुर्मीळ रक्तगट. डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी तो १९५२ साली मुंबईत प्रथम नोंदवला. अप्रभावी जनुक घराण्यात पिढ्यानपिढ्या कसे दडून राहते, हे समजून घ्यायला याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

तांबड्या पेशींवरील ए आणि बी ही प्रतिजने, म्हणजे रक्तगट ठरवणाऱ्या खुणा, एच या मूळ प्रतिजनापासून तयार होतात. ओ गटात नुसते एच असते. एच घडवणारे जनुक १९व्या गुणसूत्रावर असून त्याच्या दोन प्रतींपैकी एक चांगली असली तरी काम भागते. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही सदोष प्रती आल्या तरच एच बनत नाही. मग ए किंवा बीचे जनुक शाबूत असूनही दिसत नाही आणि तपासणीत गट ‘ओ’ निघतो.

एकच सदोष प्रत असलेल्यांना वाहक म्हणतात. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या मुलाचा गट बॉम्बे असण्याची शक्यता २५ टक्के, तर मूल वाहक असण्याची ५० टक्के. हे गणित प्रत्येक गर्भधारणेला नव्याने लागू होते. पहिल्या मुलाचा गट बॉम्बे निघाला म्हणून पुढची तीन सुटली, असे नाही. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा. त्या हिशेबाने वाहक पन्नासांत सुमारे एक असावा. नेहमीच्या तपासणीत वाहक ओळखू येत नाही. मामेबहिणीशी लग्न होते तेव्हा एकाच पूर्वजाची सदोष प्रत दोन्हींकडून येण्याचा संभव वाढतो.

एबी गटाच्या वडिलांचे मूल ‘ओ’ निघाले की संशय आईवर जातो. पण मूल बॉम्बे गटाचेही असू शकते; एवढ्या पुराव्यावर कोणत्याही बाईला बोल लावणे अन्यायाचे आहे. उलटही घडते: आईवडील दोघे ‘ओ’, मूल मात्र बी, कारण आईचा गट बॉम्बे असून तिच्यात दडलेले बीचे जनुक मुलात प्रकट झालेले असते.

रक्तपेढीत खरा गट बहुधा जुळवणीच्या वेळी, म्हणजे रुग्णाचे व दात्याचे रक्त एकत्र तपासताना कळतो. रुग्णाच्या रक्तद्रवात एचविरोधी प्रतिपिंडे (एच असलेल्या पेशींना चिकटणारी प्रथिने) असल्याने ओ गटाच्या एकामागून एक पिशवीतील पेशींच्या गुठळ्या होतात. अशा रुग्णाला बॉम्बे गटाचेच रक्त चालते. वाहक आईवडिलांचे चालत नाही, म्हणून सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करतात.