कॅनिंगची वाट: क्रमांकांच्या विहिरी आणि त्यांची जुनी नावं

येत्या जूनमध्ये आमच्या मित्रमंडळींच्या पाच गाड्या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून विलुनाला आणि तिथून पुढे कॅनिंग स्टॉक रूट या गुरांच्या जुन्या वाळवंटी वाटेवर निघणार आहेत. तयारीच्या बैठका सुरू आहेत. वाळूत टायरमध्ये हवा किती ठेवायची, डिझेल किती न्यायचं, सगळ्यात मागे कोणाची गाडी राहील, हे सगळं ठरतंय. त्यात एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही: ही वाट इथेच का? वाळवंटात कुठूनही कुठेही जाता येतं, मग ती अशी वळणं घेत, मध्येच पूर्वेला सरकत का जाते? याचं उत्तर कळलं की सगळा प्रवास वेगळा दिसायला लागतो, म्हणून हे टिपण.

विलुना ते हॉल्स क्रीक हे अंतर सुमारे १८५० किलोमीटर. वाट लिटल सँडी, गिब्सन आणि ग्रेट सँडी या वाळवंटांतून जाते आणि वाटेत वाळूच्या नऊशेच्या आसपास टेकड्या ओलांडाव्या लागतात. आज ती गाड्यांची वाट आहे, पण ती पडली गुरांसाठी, आणि तीही एका गोचिडीमुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कूलगार्डी आणि कॅलगुर्लीला सोनं सापडलं. खाणींवर माणसांची झुंबड उडाली आणि मांसाचे भाव चढले. उत्तरेला किंबर्लीत गुरं भरपूर होती, पण पूर्व किंबर्लीच्या गुरांना गोचीड लागलेली होती. ही गोचीड जनावराच्या रक्तात जो ताप सोडते त्यात लघवी लाल होते आणि जनावर दगावतं. दक्षिणेत ही साथ येऊ नये म्हणून पूर्व किंबर्लीची गुरं बोटीने पाठवायला बंदी आली. बाजार पश्चिम किंबर्लीच्या मोजक्या मालकांच्या हातात गेला. पूर्वेच्या मालकांनी मग सरकारपुढे एक कल्पना मांडली: गुरं वाळवंटातून चालवत आणू, कोरड्या हवेत गोचीड वाटेतच मरेल. कल्पना बरोबर होती. प्रश्न पाण्याचा होता.

त्याआधी दोन मोहिमा या भागातून गेल्या होत्या. १८९६ च्या कॅल्व्हर्ट मोहिमेत लॉरेन्स वेल्सच्या तुकडीतली दोन माणसं तहानेने मेली. त्याच सुमारास डेव्हिड कार्नेगी कूलगार्डीहून हॉल्स क्रीकला पोचला आणि इथून गुरं नेणं जमणार नाही असं सांगून मोकळा झाला. कार्नेगी पाणी शोधायचा तो तिथल्या माणसांना पकडून. त्यांना खारवलेलं मांस खायला घालायचं, म्हणजे तहानेने व्याकूळ होऊन ती आपल्या झऱ्याकडे घेऊन जातील. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय.

इथे आपल्याकडचा एक धागा येतो. या मोहिमा उंटांवर चालल्या आणि उंटांमागे माणसं होती ती बलुचिस्तान, सिंध, पेशावर भागांतली. ऑस्ट्रेलियात त्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी उंटांचा पहिला मोठा ताफा कराचीहून मेलबर्नला उतरला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. कॅल्व्हर्ट मोहिमेत बिजा दरवेश हा बलुची उंटवाला होता. हिंदुस्थानी लष्करात चाकरी करून तो इकडे आला होता. मोहीम संपल्यावर वेल्सने आपलं होकायंत्र त्याला भेट दिलं. वाळवंटात होकायंत्र दुसऱ्याच्या हातात ठेवणं म्हणजे काय, हे आज उपग्रहाच्या भरवशावर फिरणाऱ्या आपल्याला कळायला थोडं थांबून विचार करावा लागतो.

१९०६ मध्ये सरकारने आल्फ्रेड कॅनिंगला पाठवलं. हा सरकारी मोजणीदार. सशांना अडवणाऱ्या लांबलचक कुंपणाची आखणी त्यानेच केली होती. आठ माणसं, २३ उंट, दोन घोडे. काम एवढंच की गुरांच्या एका दिवसाच्या चालीवर, म्हणजे साधारण पंचवीस किलोमीटरवर, एकेक पाणी सापडलं पाहिजे.

वरून पाहिलं तर या मुलखात पाणी नाही. पण नदीच्या कोरड्या पात्रात झिरा काढला की पाणी लागतं हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत असतं. तिथेही तेच. कोणत्या खोलगटीत, कोणत्या झाडाच्या कडेला, किती हात खाली ओल आहे हे मार्टू, वालमाजारी आणि इतर आदिवासी लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. प्रत्येक झिऱ्याला नाव होतं, गाणं होतं, त्याची राखण करणारं कुटुंब होतं. कॅनिंगने ही माणसं पकडली, गळ्यात साखळ्या घातल्या आणि त्यांच्याकडून पाणी दाखवून घेतलं. वाटेची वळणं पडली ती अशी. एका झिऱ्याहून दुसऱ्या झिऱ्याकडे ती गेली, आणि नकाशावर आपण जी रेघ पाहतो ती मुळात त्या माणसांच्या माहितीची रेघ आहे. माझ्या मते या वाटेबद्दल यापेक्षा महत्त्वाची गोष्ट नाही.

मोहीम परतल्यावर तिचा स्वयंपाकी एडवर्ड ब्लेक गप्प बसला नाही. लोकांना दिलेल्या वागणुकीबद्दल त्याने तक्रार केली आणि १९०८ मध्ये शाही आयोग नेमला गेला. साखळ्या वापरल्याचं कॅनिंगने नाकारलं नाही. जॉन फॉरेस्ट, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याचा पहिला प्रीमियर (आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा) आणि स्वतः नावाजलेला शोधप्रवासी, साक्षीत म्हणाला की सगळेच शोधप्रवासी असंच करतात. कॅनिंग निर्दोष ठरला. साखळीत बांधलेल्यांची साक्ष कोणी घेतली नाही. ब्लेकचं नाव आज वाटेवर कुठल्या पाटीवर नाही. मला ते असावंसं वाटतं.

त्याच वर्षी मार्चमध्ये कॅनिंग बांधकामाला निघाला: ३१ माणसं, ७० उंट, चार गाडे, शंभर टन सामान आणि दूध-मांसासाठी २६७ शेळ्या. १९१० पर्यंत ४८ विहिरी झाल्या. नैसर्गिक पाणवठे धरून क्रमांक ५१ पर्यंत जातात, आणि मोजणी दक्षिणेकडून उत्तरेकडे. विहिरींची रचना आपल्या ओळखीची आहे. लाकडाने बांधून काढलेला खोल आड, वर उभा केलेला खांब, त्यावरून दोर आणि टोकाला मोठी बादली. उंट दोर ओढत दूर चालत जायचा आणि पाणी डोणीत पडायचं. मोटच ती, बैलाच्या जागी उंट. एका विहिरीवर आठशे गुरांची तहान भागावी असा अंदाज होता.

पण ज्यांचं पाणी होतं त्यांच्याकडे ना उंट होता ना तेवढी बादली ओढायची ताकद. हाताने वाळू उकरून ओंजळीने प्यायचा झिरा आता खोल, सरळ भिंतींचा आड झाला होता. पायऱ्या नाहीत, शिडी नाही. पाण्यासाठी आत उतरलेली माणसं पडून जखमी झाली, मेली. मग लोकांनी विहिरी मोडायला सुरुवात केली. १९१७ च्या पाहणीत जवळपास निम्म्या विहिरी नासलेल्या आढळल्या. सरकारी भाषेत ती नासधूस होती.

रक्त त्याआधीच सांडलं होतं. १९०७ च्या एप्रिलमध्ये, आज ४० क्रमांकाची विहीर आहे तिथे, कॅनिंगच्या तुकडीतला मायकेल टोबिन आणि एक स्थानिक माणूस समोरासमोर आले. एकाचा भाला आणि दुसऱ्याची गोळी एकाच वेळी सुटली. दोघेही गेले. १९११ मध्ये गुरांचा पहिला कळप घेऊन निघालेले थॉमसन आणि शूस्मिथ, आणि त्यांच्यासोबतचा एक आदिवासी गुराखी, ३७ क्रमांकाच्या विहिरीवर मारले गेले. त्यानंतर गेलेल्या पोलिसी तुकडीने किमान दहा आदिवासी माणसं मारली. टोबिनच्या कबरीपाशी गाड्या थांबतात, फोटो निघतात. त्या दहा जणांसाठी थांबायला जागा नाही.

एवढं करून वाट फारशी चाललीच नाही. १९११ ते १९३१ या वीस वर्षांत जेमतेम आठ कळप आले. मांसाचे भाव पुन्हा चढले तेव्हा १९२९ मध्ये विल्यम स्नेलला विहिरी दुरुस्त करायला पाठवलं. स्नेलने जे पाहिलं त्याने तो अस्वस्थ झाला. या विहिरींनी लोकांचं पाणी बंद केलं असं त्याने स्पष्ट म्हटलं आणि आत उतरता यावं म्हणून शिड्या बसवल्या. पण काम त्याच्याकडून पुरं झालं नाही. शेवटी निवृत्त झालेल्या, सत्तर वर्षांच्या कॅनिंगलाच पुन्हा बोलावून ते पूर्ण करून घेतलं. पुढे विलुनापर्यंत रेल्वे आली आणि काही वर्षं कळप जरा नियमित येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात जपानी हल्ला झाला तर किंबर्ली रिकामी करण्यासाठी विहिरींची आणखी डागडुजी झाली. शेवटचा कळप १९५९ मध्ये गेला. पन्नास वर्षांत नोंद आहे ती फक्त ३७ कळपांची.

गुरांपेक्षा या वाटेवरून माणसंच जास्त गेली. कळपांबरोबर काम करणारे बरेचसे आदिवासी गुराखीच होते आणि त्यांच्या मागोमाग कुटुंबं वाळवंट सोडून उत्तरेच्या गुरांच्या वाड्यांवर नि मिशनमध्ये पोचली. ३३ क्रमांकाच्या विहिरीजवळ जन्मलेला एक मुलगा दहाएक वर्षांचा असताना वॉली डाऊलिंग या गुरं हाकणाऱ्याबरोबर बिलिलुनाला गेला. तो पुढे गुराखी झाला, मग चित्रकार. १९९० मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ऑस्ट्रेलियाच्या वतीने त्याची चित्रं लागली. त्याचं नाव रोव्हर थॉमस.

गाड्या इथे आल्या त्या रॉकेटांमागोमाग. वूमेरा इथून अस्त्रांच्या चाचण्या होत, त्यांच्या मार्गाखालचा मुलूख गाठता यावा म्हणून लेन बीडेलच्या तुकडीने १९५५ पासून वाळवंटात रस्ते पाडले. त्यांतला गॅरी जंक्शन रस्ता आपल्या वाटेला ३३ क्रमांकाच्या विहिरीजवळ छेदतो. आपण ज्या भागातून जाणार त्याच्या पश्चिमेला पर्सिव्हल सरोवरं आहेत. १९६४ मध्ये ब्लू स्ट्रीक रॉकेट त्या दिशेने सोडायचं ठरलं, तेव्हा तिथे वीस मार्टू बायका-मुलं राहत होती. त्यांनी गोरा माणूस पाहिलेला नव्हता. वाळूवरून येणारा ट्रक त्यांना चालणारा खडक वाटला. त्या वर्षी त्यांना तिथून हलवण्यात आलं.

१९६८ मध्ये तीन मोजणीदारांनी पूर्ण वाट पहिल्यांदा गाडीने पार केली. त्यांना रस्ता असा नव्हताच. होत्या विहिरींच्या खुणा आणि मधलं स्पिनिफेक्सचं काटेरी गवत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हौशी लोक येऊ लागले, स्वयंसेवकांनी काही विहिरी पुन्हा बांधून काढल्या आणि चाकोरी पक्की झाली. या चाकोरीला आता जागोजागी पन्हळी पत्र्यासारख्या लाटा आहेत. त्या पडतात आपल्याच चाकांनी: ठरावीक वेगात धावणारी चाकं उसळतात, पुन्हा आदळतात आणि वाळूत लाटा बसत जातात. हवा कमी करून सावकाश गेलं तर लाटा कमी पडतात आणि टेकडीही उकरली जात नाही. हवा भरलेल्या टायरने रेस देत टेकडी चढणारी एक गाडी मागच्या चार जणांची चढण बिघडवते, म्हणून हवेचा आग्रह आमच्याकडे एवढा चालू आहे.

गटाने जाण्याचं कारणही जुनंच आहे. विलुनाहून निघाल्यावर कुनावारिची या वस्तीपर्यंत सुमारे हजार किलोमीटर डिझेल मिळत नाही. गाडी बंद पडली तर मदतीला पुढची-मागची गाडीच. टेकडीपलीकडून कोणी येतंय का हे दिसत नाही, म्हणून प्रत्येक गाडीवर उंच काठीला झेंडा आणि रेडिओवर हाळी. गाडीखाली अडकलेलं गवत तापलेल्या नळीला लागून पेट घेतं. दर थांब्याला कोणीतरी वाकून पाहायचं, हे काम आम्ही मुलांकडे सोपवलंय.

आज ही जमीन कोणाची हे कायद्यानेही ठरलंय. २००२ मध्ये मार्टू लोकांचा सुमारे १ लाख ३६ हजार चौरस किलोमीटरवरचा हक्क न्यायालयाने मान्य केला. पुढच्या काही वर्षांत उत्तरेला न्गुरारा आणि दक्षिणेला बिरिलिबुरू लोकांचाही झाला. त्यामुळे परवाना लागतो आणि काही भाग कधी कधी बंदही असतात. अशा वेळी कुरकुर ऐकू येते, पण हे घर कोणाचं तरी आहे. दार उघडं आहे की नाही ते घरच्यांनीच सांगायचं. वाटेतल्या खाऱ्या सरोवराचं नाव शंभरहून जास्त वर्षं लेक डिसअपॉइंटमेंट होतं, कारण १८९७ मध्ये फ्रँक हान गोड्या पाण्याच्या आशेने आला आणि त्याला मीठ दिसलं. २०२० मध्ये त्याला कुंपुपिंटिल हे मूळ नाव परत मिळालं. त्या सरोवराच्या तळाशी माणसं खाणारे जीव राहतात असं मार्टू मानतात आणि त्याच्या पृष्ठभागावर पाऊल ठेवत नाहीत. आपल्या गाड्याही तिथे उतरणार नाहीत, हे बैठकीत ठरलंय.

२०१० मध्ये कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात या वाटेवरच्या लोकांनी काढलेल्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं. नाव होतं 'यिवारा कुजू', म्हणजे एक वाट. चित्रांत विहिरींचे क्रमांक नसतात, झिऱ्यांची नावं असतात. त्यातला एक चित्रकार हेलिकॉप्टर जुंगुराय. तो आजारी मुलगा असताना १९५७ मध्ये त्याला हेलिकॉप्टरने उचलून बाल्गोच्या मिशनमध्ये नेलं, म्हणून हे नाव. त्याला उचललं ते नटावालूहून. नटावालू म्हणजे ४० क्रमांकाची विहीर, टोबिन आणि तो दुसरा माणूस पडले तीच जागा.

आमच्या नकाशावर मी क्रमांकांशेजारी पेन्सिलने लिहायला घेतलंय: ३३ कुनावारिची, ३५ किन्यू, ३६ किल्किली, ३७ लिपुरू, ४० नटावालू. रेडिओवरही हीच नावं घ्यायची असं पाचही गाड्यांनी कबूल केलंय.