सौर वादळे : कुलाब्याची नोंद आणि सोलापूरची वीजवाहिनी

सूर्यावरून निघालेल्या भारित कणांच्या ढगाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळले की त्याला चुंबकीय किंवा सौर वादळ म्हणतात. मे 2024 मधील अशा वादळात लडाखच्या हानले येथील आकाश तांबडे झाले. सोलापूरच्या आकाशात असे काही घडत नाही, आणि त्यामुळे सौर वादळे हा ध्रुवाजवळच्या देशांचा प्रश्न आहे, ही समजूत आपल्याकडे सहज टिकून राहते. इतिहास तिला फारसा दुजोरा देत नाही, कारण ज्ञात असलेल्या सर्वांत तीव्र वादळांपैकी एकाची सर्वाधिक चर्चा झालेली नोंद मुंबईचीच आहे.

1 सप्टेंबर 1859 रोजी सूर्यावर तेजाचा स्फोट दिसला आणि साडेसतरा तासांच्या आसपास त्याचा तडाखा पृथ्वीला बसला. युरोप-अमेरिकेत तारयंत्रे बिघडली, तर काही ठिकाणी बॅटरी काढून घेतल्यावरही संदेश जात राहिले. त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत निरीक्षक चुंबकाचे विचलन डोळ्यांनी वाचून हाताने टिपत असत. 2 सप्टेंबरला दुपारच्या सुमारास चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लाने (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घसरला आणि थोड्याच वेळात बराचसा सावरलाही.

वाद आहे तो याच आकड्याचा. 2003 मध्ये ही नोंद नव्याने अभ्यासकांपुढे आली, तेव्हा तिच्यावरून वादळाची जागतिक तीव्रता उणे 1760 नॅनोटेस्ला इतकी काढण्यात आली. मात्र तीव्रतेचा प्रचलित निर्देशांक तासाच्या सरासरीवर आणि अनेक केंद्रांच्या नोंदींवर ठरतो, तर येथे एकाच केंद्रावरची अल्पकाळ टिकलेली घसरण हाताशी होती. तासाची सरासरी घेतल्यावर हा आकडा जवळपास निम्म्यावर येतो. शिवाय इतकी झपाट्याने झालेली घसरण पृथ्वीभोवती अवकाशात कड्यासारख्या फिरणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे, म्हणजे वलयप्रवाहामुळे, होती की वातावरणाच्या वरच्या थरातील प्रवाहांमुळे, यावर एकमत नाही. विध्वंसाचे अंदाज मांडताना मोठाच आकडा उचलण्याची जी सवय पडली आहे, ती प्रस्तुत लेखकाला योग्य वाटत नाही. पण निम्मा आकडा धरला तरी ते वादळ 1989 च्या वादळाहून मोठेच ठरते, आणि 1989 मध्ये कॅनडातील क्युबेक प्रांतात सुमारे 60 लाख लोक 9 तास अंधारात होते.

उपग्रहांना त्रास द्यायला एवढ्या तीव्रतेचीही गरज नसते. फेब्रुवारी 2022 मधील वादळ किरकोळ म्हणावे असे होते, पण वरचे वातावरण तापून फुगले, खालच्या कक्षेतला हवेचा विरोध वाढला आणि नुकत्याच सोडलेल्या 49 उपग्रहांपैकी बहुतेक वातावरणात परतून जळाले. वर राहिलेल्या उपग्रहांना भारित कणांचा धोका असतो. इलेक्ट्रॉनिक स्मृतीतील नोंद उलटते, सौरपट्ट्यांची क्षमता घटते.

सोलापूरचा संबंध येतो तो दोन ठिकाणी. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे देशाच्या उर्वरित जाळ्याशी एका वारंवारतेत जोडले गेले. चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलले की अशा लांब वाहिन्यांत जवळपास एकदिश प्रवाह शिरतो आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होऊन, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलू न शकल्याने, तापू लागतो. आपल्या अक्षांशावर हा प्रवाह कमी असतो, शून्य नसतो. 2003 च्या वादळानंतर दक्षिण आफ्रिकेतही ट्रान्सफॉर्मर निकामी झाले होते.

दुसरे ठिकाण शेताच्या बांधावरचे आहे. जमीन मोजणीचे रोव्हर, म्हणजे जागेचे स्थान टिपणारी हाताळती यंत्रे, उपग्रहांच्या संदेशांवर काही सेंटिमीटरची अचूकता मिळवतात, आणि ते संदेश वातावरणाच्या ज्या विद्युतभारित वरच्या थरातून, आयनांबरातून, येतात, तो चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर एरवीही अस्थिर होतो. वादळाने त्याची घनता बदलली की संदेशाला होणारा विलंब बदलतो आणि मोजणीत चूक शिरते. मे 2024 मध्ये अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत उपग्रहावर चालणाऱ्या ट्रॅक्टरांची दिशा अशीच चुकली होती.

6 जानेवारी 2024 पासून भारताचे आदित्य-एल1 यान पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवून आहे. सूर्यावरून निघालेला ढग पोहोचायला सहसा एक ते तीन दिवस लागतात, परंतु त्याच्यातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख आहे की नाही, ज्यावर वादळाची तीव्रता मुख्यतः ठरते, हे तो त्या अंतरावर आल्यावरच खात्रीने मोजता येते. तेथून पुढे हाती उरतो तो साधारण 15 मिनिटांपासून तासाभराचा वेळ.