जठराच्या कॅन्सरच्या रिपोर्टमधला एक आकडा, आणि त्यामागची शंभर वर्षं

जठराच्या कॅन्सरच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये हल्ली एक ओळ बऱ्याचदा दिसते: 'पीडी-एल१ सीपीएस', आणि पुढे आकडा. पीडी-एल१ हे प्रतिकारपेशींना आवरणारं प्रथिन, आणि सीपीएस हे गाठीत ते किती आहे याचं मोजमाप. पसरलेल्या आजारात इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारपेशींना कॅन्सरविरुद्ध मोकळं करणारं औषध, द्यायची की नाही हे बऱ्याच अंशी या आकड्यावर ठरतं, म्हणून घरच्यांना तो तोंडपाठ असतो. तो आला कुठून, हे मात्र त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

सुरुवात १९२१ सालची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले पॅथॉलॉजिस्ट मॅकार्टी आणि त्यांचे सहकारी माहले यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या जठराच्या गाठी तपासल्या आणि त्या रुग्णांचं पुढे काय झालं याच्याशी ताडून पाहिल्या. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगातल्या स्लाइडवर लिम्फोसाइट ही प्रतिकारपेशी चटकन ओळखू येते: छोटा, गोल, गडद निळा ठिपका, भोवती पेशीद्रवाची जेमतेम कड. ज्या गाठींत अशा ठिपक्यांची दाटी होती, ते रुग्ण ऑपरेशननंतर जास्त काळ जगले होते. निरीक्षण पक्कं होतं, पण पुढची वाट बंद होती. या रंगात सगळे लिम्फोसाइट एकसारखेच दिसतात. कॅन्सरपेशीला मारणारा कोणता आणि मारणाऱ्याला आवरणारा कोणता, हे कळायला मार्ग नव्हता.

तो मार्ग १९७५ नंतर निघाला. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवण्याची पद्धत शोधली आणि पेशींवरचं एकेक प्रथिन वेगळं रंगवता येऊ लागलं. सीडी८ प्रथिनाच्या मारक टी-पेशी गाठीत भरपूर असतील तर रुग्णाची वाटचाल सहसा बरी राहते, हे अनेक अभ्यासांत दिसलं. फॉक्सपी३ असलेल्या, आवर घालणाऱ्या पेशी वाढल्या की परिणाम वाईट, असा सरळ हिशोब मात्र जठरात जमला नाही. काही ठिकाणी उलटंच दिसलं. पेशी किती आहेत याइतकंच त्या कुठे बसल्या आहेत, यालाही महत्त्व आहे.

मधल्या काळात जपानमध्ये एक वेगळाच धागा हाती लागला होता. वातानाबे आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये लिम्फोसाइटांनी गच्च भरलेल्या जठराच्या गाठींचं वर्णन केलं. हे रुग्ण इतरांपेक्षा बरे राहत होते. १९९० पासून अशा गाठींमध्ये एपस्टाइन-बार विषाणू सापडू लागला. २०१४ साली 'कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस' या संशोधन प्रकल्पाने २९५ गाठी तपासून चार प्रकार मांडले, त्यात सुमारे ९ टक्के या विषाणूच्या होत्या. त्यांच्यातल्या काहींमध्ये पीडी-एल१ बनवणाऱ्या जनुकाच्या जादा प्रती होत्या. म्हणजे प्रतिकारपेशी दाराशी जमल्या होत्या आणि गाठ त्यांना थोपवून धरत होती! मॅकार्टींनी पाहिलेल्या दाटीचा एक अर्थ इथे लागतो, असं मला वाटतं.

चारांतला दुसरा प्रकार एमएसआय, म्हणजे डीएनएच्या चुका दुरुस्त न होणाऱ्या गाठी. इथे जरा थांबायला हवं, कारण 'चांगला मार्कर' या शब्दाने मोठा घोळ होतो. २०१७ मध्ये मॅजिक या जुन्या चाचणीतले नमुने पुन्हा तपासले, तेव्हा एमएसआय असलेले रुग्ण नुसत्या ऑपरेशनने चांगले राहिल्याचं दिसलं. ज्यांना जोडीला केमो मिळाली होती, त्यांना फायदा दिसला नाही. आजार कसा वागेल हे सांगणारी खूण आणि औषध लागू पडेल का हे सांगणारी खूण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णाशी बोलताना त्या एकत्र केल्या की नाहक आशा तरी लागते, नाहीतर नाहक भीती.

सीपीएस हा यातल्या दुसऱ्या जातीचा, औषध लागू पडेल का हे सांगणारा आकडा. क्योटोच्या होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली पीडी-१ सापडलं (टी-पेशींवरचं प्रथिन, पीडी-एल१ त्यालाच चिकटून पेशीला आवरतं), आणि त्याला अडवणाऱ्या औषधांसोबत हे मोजमाप आलं. पीडी-एल१चा रंग घेतलेल्या कॅन्सरपेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज (गिळंकृत करणाऱ्या प्रतिकारपेशी) यांची बेरीज करायची, तिला एकूण जिवंत कॅन्सरपेशींनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. २०० कॅन्सरपेशींपैकी ४ रंगल्या आणि भोवतालच्या ८ प्रतिकारपेशी रंगल्या, तर सीपीएस ६. जठरात रंग बऱ्याचदा प्रतिकारपेशींवरच जास्त दिसतो, म्हणून त्यांना हिशोबात घेणं भागच होतं.

२०२१ मध्ये चेकमेट-६४९ चाचणीचे निकाल आले. सीपीएस ५ किंवा जास्त असलेल्यांत नुसत्या केमोवर मध्यक आयुष्य ११.१ महिने होतं, निवोलुमॅब हे पीडी-१ अडवणारं औषध जोडल्यावर १४.४. त्याआधी जपान, दक्षिण कोरिया आणि तैवानमधल्या अ‍ॅट्रॅक्शन-२ चाचणीत, आधीच बरेच उपचार झालेल्या रुग्णांत, पीडी-एल१ असो वा नसो, थोडा फायदा दिसला होता. त्यामुळे औषध देण्यासाठी सीपीएसची रेषा १ वर मारायची, ५ वर की १० वर, यावर वाद राहिला. त्यातच एकाच गाठीच्या दोन तुकड्यांत आकडा वेगळा येऊ शकतो आणि दोन पॅथॉलॉजिस्टांची मोजणीही नेहमी जुळत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने बहुमताने कौल दिला: आकडा १ पेक्षा कमी असेल, तर या औषधांचा फायदा जोखमीपेक्षा मोठा ठरत नाही.